कायदा बाईच्या वाटेनं तपासायचा कसा? बेळगाव सीमाभागातल्या महिला गटांसाठी

माझी धाकटी जाऊ चंदगड तालुक्यातली. लग्न होऊन खानापूरकडं आली त्याच महिन्यात आम्ही दोघी बाजाराला म्हणून बेळगावला निघालो. सरकारी बस, बायकांना तिकीट नाही. कंडक्टरनं माझं आधार बघितलं आणि झिरो तिकीट फाडून हातात दिलं. तिचं आधार बघितलं तर त्यावर पत्ता माहेरचा, जिल्हा कोल्हापूर. तिला पैसे मोजावे लागले. कंडक्टरची काही चूक नव्हती. शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे आणि तसा पुरावा दाखवावाच लागतो. ती खिडकीकडं तोंड करून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अक्का, आता मी कुठली म्हणायची?"

त्या प्रश्नापासून आमच्या बचत गटानं योजना आणि कायदे तपासायला सुरुवात केली. दोन वर्षांत तीन गोष्टी धरल्या: शक्ती, गृहलक्ष्मी (कुटुंबप्रमुख बाईला दरमहा पैसे देणारी कर्नाटकाची योजना) आणि जमिनीच्या वारसा नोंदी. आमच्यात वकील कोणी नाही. चुका भरपूर झाल्या, फेऱ्या वाया गेल्या, एकदा तर सहा महिन्यांचं काम चुकीच्या कागदावर उभं केलं होतं. तुमचा गट नव्यानं हे करणार असेल तर तो त्रास तुम्हाला पडू नये, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते.

आधी हे जमवा

- एक जाड वही. डाव्या पानावर कायदा काय म्हणतो, उजव्या पानावर गावात काय घडतं.
- कायद्याची किंवा सरकारी आदेशाची मूळ प्रत.
- कन्नड शाळेत शिकलेली, न अडखळता वाचणारी एक मुलगी. हिच्याशिवाय आपल्या भागात पान हलत नाही.
- गटातल्या बायकांचे कागद, त्यांच्या परवानगीनं: आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, जमिनीचा उतारा.
- पोचपावत्यांसाठी वेगळी फाइल.
- प्रवासखर्चाची थोडी वर्गणी. बुडालेली मजुरीही खर्चातच धरा.

## १. एकच कायदा, एकच प्रश्न

"बायकांवर अन्याय होतो का?" हा प्रश्न खरा आहे, पण तो तपासता येत नाही. "महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव सासरच्या रेशन कार्डावर चढायला किती फेऱ्या लागतात, आणि कुठं अडतं?" हा तपासता येतो. प्रश्न इतका बारीक करा की त्याचं उत्तर दिवसांत, रुपयांत किंवा फेऱ्यांत देता यावं.

पहिल्यांदा करताना ज्या योजनेनं गावातल्या बहुतेक घरांना स्पर्श केलाय तीच घ्या. बायका बोलत्या होतात.

## २. मूळ कागद हातात घ्या

आमचे सहा महिने इथंच गेले. मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुरावरून आम्ही गृहलक्ष्मीच्या अटी लिहून काढल्या होत्या. त्यातल्या निम्म्या चुकीच्या निघाल्या.

कागदांची उतरंड समजून घ्या. सगळ्यात वर संसदेचा किंवा विधानसभेचा कायदा. त्याखाली सरकारनं केलेले नियम. त्याखाली खात्याचा आदेश. त्याखाली परिपत्रक, ज्याला कन्नडमध्ये सुत्तोले म्हणतात. आणि सगळ्यात खाली कचेरीत पडलेली रीत, जी कुठंच लिहिलेली नसते. बाई अडते ती बहुतेक वेळा या खालच्या दोन पायऱ्यांवर. गृहलक्ष्मी किंवा शक्ती यांच्यामागं वेगळा कायदा नाही, त्या सरकारी आदेशांवर चालतात, म्हणून तिथं आदेशाचीच प्रत हवी.

आदेश कन्नडमध्ये असतो. पूर्ण वाचता आला नाही तरी काही शब्द डोळ्यांना ओळखता आले पाहिजेत: अर्हते म्हणजे पात्रता, षरत्तु म्हणजे अट, वासस्थळ म्हणजे राहण्याचं ठिकाण. आणि यजमानी. आपल्याकडं यजमान म्हटलं की नवरा. गृहलक्ष्मीच्या कागदात यजमानी म्हणजे घरची कर्ती बाई. आमच्यातल्या दोघी तिघींनी तो शब्द ऐकून पासबुक नवऱ्याचंच द्यायचं असा अर्थ लावला होता.

मराठीत प्रत मागायला संकोच करू नका. जिथं भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त आहे तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं धोरण आहे. मिळेलच असं नाही. पण मागितल्याची पोच वहीत राहते, आणि पुढं निवेदनात ती कामाला येते.

## ३. वाचताना चार ठिकाणी थांबा

कायद्यात "महिला" हा शब्द किती वेळा आलाय हे मोजत बसू नका. काही कायद्यांत तो एकदाही नसतो आणि तरी सगळा भार बाईवर पडतो. २०२१ मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच मान्य केलं: नियम वरून सगळ्यांना सारखा दिसत असला, तरी त्याचा परिणाम एका बाजूवर जास्त पडत असेल तर तोही भेदभावच. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवून पुढच्या चार जागा बघा.

व्याख्या. कुटुंब म्हणजे कोण? १९६१ च्या कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको, अज्ञान मुलगे आणि अविवाहित मुली. मुलीचं लग्न झालं की ती व्याख्येतून बाहेर. गृहलक्ष्मीत रेशन कार्डावर जी कुटुंबप्रमुख, तिलाच महिना २,००० रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख केली, हे चांगलंच झालं. पण एका कार्डाला एकच बाई. तीन सुना असलेल्या घरात पैसे सासूच्या खात्यावर येतात. सासू समजूतदार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर सुनेपर्यंत काहीच पोचत नाही.

अट. अट कुणाला सोपी आणि कुणाला अवघड, असं विचारा. राहण्याच्या पुराव्याची अट पुरुषाला सोपी, कारण तो जन्मल्या घरीच राहतो. घर बदलते ती बाई. आपल्या भागात तर ती घरासोबत राज्यही बदलते. माहेर गडहिंग्लज, आजरा, चंदगड आणि सासर हुक्केरी, निपाणी, खानापूर हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण जातीच्या दाखल्याचं. जात जन्मानं ठरते, दाखला वडिलांच्या कागदांवरून निघतो आणि राखीव जागेचा लाभ त्या राज्यापुरता. दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला तिथं तो लाभ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सांगितलं. नियमात बाई-पुरुष असा भेद नाही. पण लग्न करून घाट उतरलेल्या बाईची सवलत माहेरीच राहते, आणि तिच्या भावाची मात्र जागच्या जागी शाबूत असते.

अट नीट लिहिता येते याचाही एक दाखला देते. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं लाडकी बहीण योजना आणली. परराज्यात जन्मलेल्या बाईनं महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल, अशी तरतूद तिथं केली गेली. एवढ्या एका ओळीनं आपल्याकडून तिकडं गेलेल्या कितीतरी मुली आत आल्या. तुमच्या निवेदनात "अन्याय दूर करा" असं मोघम लिहिण्यापेक्षा अशी एक ओळ सुचवा.

कागद. जोडायच्या कागदांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढं लिहा: हा कुणाच्या हातात आहे? गृहलक्ष्मीच्या अर्जाला नवऱ्याचंही आधार लागतं. नवरा सोडून गेलेल्या बाईनं ते आणायचं कुठून? आमच्या गटातल्या एका मावशीनं त्यासाठी नऊ वर्षांनी नवऱ्याच्या दारात पाऊल टाकलं आणि हात हलवत परत आल्या.

तारीख. कायदा कधीपासून लागू आणि त्या आधीच्यांचं काय, हे शेवटच्या कलमात किंवा एखाद्या परंतुकात दडलेलं असतं. मुलींच्या वाट्याचंच बघा. कर्नाटकानं ३० जुलै १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला. देशाच्या अकरा वर्षं आधी. अभिमान वाटावा असंच पाऊल. पण त्या आधी जिचं लग्न झालं तिला तो लागू नव्हता. म्हणजे आमच्या आईच्या, मावशीच्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्याच बाहेर. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट उरली नाही. तरी वडील त्या तारखेला जिवंत असायला हवेत का, यावर पंधरा वर्षं खटले चालले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. चार तारखा, आणि त्यांच्या मधल्या फटीत किती बहिणींच्या सह्या होऊन गेल्या.

चांगल्या ओळीही टिपून ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई तात्पुरती जिथं राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. सासरच्या छळाची फौजदारी तक्रार माहेरच्या ठिकाणीही करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. सासर चिकोडीला आणि माहेर कागलला असलेल्या बाईसाठी याची किंमत फार मोठी आहे. पोलिस ठाण्यात "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवलं, तर हा निकाल सांगा.

## ४. कागदाची वाट स्वतः चालून बघा

एका बाईला निवडा आणि अर्जापासून शेवटपर्यंत तिच्यासोबत जा. वहीत प्रत्येक फेरीला पाच रकाने: तारीख, कुठली कचेरी, कोण सोबत आलं, किती पैसे आणि किती मजुरी गेली, काय सांगून परत पाठवलं.

जावेच्या बाबतीत आम्ही हेच केलं. सासरच्या रेशन कार्डावर नाव चढवायला माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मागितला, म्हणजे चंदगडला फेरी. आधारवरचा पत्ता बदलायला पुरावा सासरचा हवा, तिच्या नावावर तर सासरी काहीच नाही. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलायची सोय २०२३ पासून आहे, नात्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. लग्न नोंदवलेलंच नव्हतं. आधी ते केलं. मग ऑनलाइन अर्ज गेला आणि दिराच्या मोबाइलवर संदेश आला: तीस दिवसांत मंजुरी द्या. माझा दीर चांगला माणूस आहे, त्यानं लगेच दिली. वहीत मात्र मी लाल शाईनं लिहिलं: बाईच्या पत्त्याला नवऱ्याची मंजुरी. भांडण झालेल्या घरात ही सोय कामाची नाही.

अशा जागा बसल्याजागी वाचून सापडत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर, खिडकीपाशी, झेरॉक्सच्या दुकानात सापडतात.

जमिनीची वाट चालताना आधी उतारा काढा. आपल्याकडं कोणी पहाणी म्हणतं, कोणी आरटीसी. नाडकचेरीत किंवा 'भूमी' या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून मिळतो. नवव्या रकान्यात कबजेदाराचं नाव असतं, दहाव्यात जमीन कशी आली ते, अकराव्यात इतर हक्क आणि बोजा. आमच्या गटातल्या सगळ्यांच्या घरचे उतारे एका दुपारी देवळात पसरून बसलो. नवव्या रकान्यात बायकांची नावं मोजकीच निघाली, आणि त्यातल्या बहुतेक विधवा. नवरा असताना नाव लागलेली एखादीच. भांगलणीपासून मळणीपर्यंत शेतात राबणाऱ्या बायका त्या कागदांवर बोट फिरवून आपलं नाव शोधत होत्या. ते बघवत नव्हतं.

एक प्रसंग सांगते. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेरच्या बाकावर एक साठीच्या बाई बसल्या होत्या. नवं लुगडं, हातात पिशवी, अंगठ्याला शाई. हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन नुकत्याच बाहेर आलेल्या. पदराच्या टोकानं शाई पुसत होत्या आणि ती पसरतच होती. मी विचारलं, कागद वाचून दाखवला का? म्हणाल्या, "वाचून काय करायचं बाई. भावाला नको म्हटलं तर माहेराला कुठल्या तोंडानं जाऊ?" कायद्यानं दिलेलं तिथं एका अंगठ्यानं परत गेलं, आणि कुठंच बेकायदा काही घडलं नाही. तपासणी करताना हेही लिहायचं असतं. कागद कन्नडमध्ये होता, बाईंना फक्त मराठी येत होतं, वाचून दाखवणारं कोणी नव्हतं: या तीन गोष्टी सुधारता येण्यासारख्या आहेत.

## ५. यादीत नसलेल्या बाईला शोधा

लाभ मिळालेल्या बायकांशी बोलून योजना चांगलीच वाटते. जिला मिळाला नाही ती घरी बसलेली असते.

सौंदत्तीच्या डोंगराच्या आसपास हे फार जाणवतं. देवदासी सोडण्यावर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ मध्ये झाला. पुनर्वसनाच्या योजना मात्र १९९३-९४ आणि २००७-०८ च्या पाहणीतल्या नावांवर चालत आल्या. पाहणीच्या दिवशी जी ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला गेली होती, जिनं लाजेनं नाव सांगितलं नाही, ती राहून गेली. कायदा तपासताना यादी कधी झाली, कोणी केली आणि त्या वेळी बाई कुठं होती, हे विचारलंच पाहिजे.

बोलण्याची वेळ त्यांची, तुमची नाही. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका माल देऊन मोकळ्या झाल्या की बोलतात, तंबाखूच्या वखारीतल्या बायका सुट्टीच्या दिवशी. खानापूरच्या वरच्या अंगाला लावणीच्या दिवसांत जाऊच नका. पंचायतीच्या अध्यक्षांसमोर किंवा घरच्या पुरुषांसमोर विचारू नका. नाव लिहू का, हे आधी विचारा आणि नको म्हटलं तर लिहू नका. हिंसाचाराची गोष्ट निघाली तर वही मिटा. त्या बाईला १८१ हा क्रमांक द्या, आणि बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो हे सांगा.

## ६. आकडे मागा

माहितीचा अधिकार, २००५. कर्नाटकात अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

इथं आपल्या भागातले दोन मोठे सापळे आहेत. पहिला भाषेचा. हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करता येतो. आमचा पहिला अर्ज मराठीत होता, तो परत आला. हिंदीत लिहा, देवनागरीच आहे, जमतं. लिहिता न येणाऱ्या बाईची तोंडी मागणी अधिकाऱ्यानं लिहून घेण्यात मदत करायची, असंही त्या कायद्यातच आहे. दुसरा सापळा कर्नाटकाच्या नियमांचा: एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. पाल्हाळ लावलंत तर तेवढ्यावरून अर्ज नाकारतात.

मागणी अशी आखडून लिहा: "अमुक तालुका, गृहलक्ष्मी योजना, अमुक ते अमुक तारीख. १) आलेले अर्ज. २) मंजूर अर्ज. ३) नामंजूर अर्जांची कारणनिहाय संख्या. ४) निर्णय न झालेल्या अर्जांची संख्या." नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून नकार येतो. कारणनिहाय संख्या हीच खरी गोष्ट. "पत्त्याचा पुरावा नाही" या कारणापुढचा आकडा मिळाला की निम्मं काम झालं. इतर योजनांत बाई-पुरुष वेगवेगळे आकडे मागा. "लाभार्थी" या एका शब्दात सगळं झाकलं जातं.

राज्याच्या अर्थसंकल्पासोबत २००७-०८ पासून महिलांसाठीच्या खर्चाची वेगळी पुस्तिका निघते. पूर्ण बायकांसाठीच्या योजना एका भागात, आणि ३० टक्क्यांच्या वर बायकांना जातात त्या दुसऱ्या भागात. दुसऱ्या भागातली एखादी योजना घ्या आणि आपल्या तालुक्यात खरंच किती बायकांना मिळाली ते विचारा.

## ७. चूक कुठल्या पायरीवर आहे ते ठरवा

वहीची दोन्ही पानं समोरासमोर ठेवा. प्रत्येक अडचणीपुढं लिहा: कायद्यातली, नियमातली, आदेशातली, की कचेरीतली?

हे चुकलं तर निवेदन चुकीच्या दारात पडतं. जातीच्या दाखल्याचा प्रश्न तहसीलदार सोडवू शकत नाही, तिथं भांडून उपयोग नाही, तो खासदारांकडं आणि आयोगाकडं न्यायचा. नवऱ्याच्या आधारची सक्ती हा योजनेचा प्रश्न, तो महिला व बालकल्याण खात्याकडं. वारसा नोंदीत बहिणींची नावं न घेताच भावांची लावली जातात, ही गावपातळीची रीत. तिथं तलाठ्याकडं लेखी हरकत आणि मुदतीत अपील.

आणि आणखी एक प्रकार असतो: कायदा चांगला आहे, कचेरीही आहे, पण फार लांब आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घ्या. दहापेक्षा कमी माणसं जिथं कामाला, तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करायची, तीन महिन्यांच्या आत. अथणीहून बेळगावला जाऊन येणं म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी. तालुक्याला तक्रार स्वीकारणारा अधिकारी कोण, त्याचं नाव कुठं लावलंय, हे शोधा. नाव शोधायलाच तुम्हाला किती दिवस लागले, तो आकडा अहवालात टाका.

## ८. निवेदन, आणि ते द्यायची वेळ

अहवाल दोन-तीन पानांत बसवा. वर प्रश्न, खाली काय सापडलं, मग एकेका अडचणीपुढं सुचवलेली ओळ.

निवेदन मराठीत देता येतं. घटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय. माहितीच्या अर्जाची गोष्ट वेगळी आणि गाऱ्हाण्याची वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. तरीही सोबत कन्नड प्रत जोडा. वाचणाऱ्या कारकुनाला समजलं तर कागद पुढं सरकतो. आमच्या कन्नड वाचणाऱ्या मुलीनं ते भाषांतर केलं, आणि कचेरीत लोक आमच्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागले.

आधी वॉर्ड सभा, मग ग्रामसभा. ठराव मांडा आणि उठण्याआधी पीडीओंकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून, तो नडावळीत, म्हणजे कामकाजाच्या वहीत, लिहून घ्या. तोंडी "बघूया" म्हणजे नोंद नाही. आपल्या राज्यात २०१० पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या सदस्यांना सभेआधी घरी जाऊन भेटा. सभेत सगळ्यांसमोर पहिल्यांदा विचारलं तर त्या अवघडतात, त्यांच्यावरही घरचा दाब असतो.

दुसरी वेळ हिवाळी अधिवेशनाची. विधिमंडळ बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरतं तेव्हा सगळी खाती, मंत्री, सचिव आपल्या दाराशी आलेले असतात. पण अधिवेशनाच्या आठवड्यात पळापळ करू नका. महिनाभर आधी आपल्या आमदारांना अहवाल द्या आणि प्रश्न विचारा म्हणून मागं लागा. सभागृहात प्रश्न लागला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरात तुम्हाला कुठंच न मिळालेले आकडे असतात.

निवेदन दिल्यावर शिक्का मारलेली प्रत घ्या. दर महिन्याला एकदा त्याच खिडकीवर जा, एकटी जाऊ नका, आणि प्रत्येक वेळची तारीख वहीत लिहा. वर्षानं त्याच बाईसोबत तीच वाट पुन्हा चाला आणि फेऱ्या मोजा.

जावेचा आधारवरचा पत्ता बदलला. आता तिलाही झिरो तिकीट मिळतं, मात्र माहेरी जाताना आंतरराज्य गाडीला ते चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं ते त्यांच्या हद्दीपुरतं. रेशन कार्डावर नाव चढलं. जातीच्या दाखल्याचं अजून काही झालेलं नाही. त्याची फाइल वेगळी केली आहे. त्या फाइलीतला सगळ्यात वरचा अर्ज तिनं स्वतः लिहिलाय, मराठीत, आणि खाली कन्नडमध्ये सही केली आहे.